चिकटवहीचें स्थलांतर

ज्या घरांत थोडेंबहुत लिहिणें-वाचणें चालतें, त्या घरांत एखादी तरी चिकटवही सांपडतेच. जाड पुठ्ठ्याची, मध्यें फुगलेली, बांधणी सैल झालेली ही वही उघडली म्हणजे तींत वर्तमानपत्रांतील कात्रणें, लग्नपत्रिका, बारशाच्या वेळचा फोटो, यात्रेहून आणलेलें एखादें चित्र आणि क्वचित् पिंपळाचें जाळीदार पानहि दिसतें. तिला कोणी कात्रणवही म्हणतात, शाळेंतील मुलें स्क्रॅपबुक म्हणतात, वस्तु एकच. हल्लीं या वहीची जागा संगणक व मोबाईल घेऊं लागले आहेत, आणि कपाटांतील जुन्या वह्या आतां यंत्रांत घालाव्यात काय, घालावयाच्या तर कशा, असा प्रश्न अनेक कुटुंबांत निघतो. त्याचा आज थोडा विस्तारानें विचार करूं.

प्रथम एक घोटाळा दूर केलेला बरा. 'डिजिटल करणें' या दोन शब्दांत तीन निरनिराळीं कामें मोडतात. जुन्या वहीचें पान जसेंच्या तसें यंत्रानें टिपून ठेवणें, हें पहिलें. टिपलेलीं चित्रें, नवे फोटो व मजकूर यांची संगणकाच्या पडद्यावर नवी मांडणी करणें, हें दुसरें. आणि ती मांडणी पुन्हां कागदावर छापून, बांधून तिचें पुस्तक करून घेणें, हें तिसरें. त्यालाच फोटोबुक म्हणतात. पहिलें काम जतनाचें, दुसरें संपादनाचें, तिसरें मुद्रणाचें. पुष्कळ मंडळी पहिल्या कामाचा कंटाळा करून एकदम तिसऱ्यावर उडी घेतात. मग गुळगुळीत पुस्तक घरांत येतें आणि आजोबांच्या हातचीं टिपणें असलेली मूळ वही रद्दीवाल्याच्या तराजूंत जाते.

आमच्या बीड जिल्ह्याला हा जतनाचा विषय परका नाहीं. अंबाजोगाईस दासोपंतांची पासोडी आहे. दासोपंतांचा काळ १५५१ ते १६१५. सुमारें चाळीस फूट लांब व चार फूट रुंद अशा कापडावर त्यांनीं 'पंचीकरण' हा वेदान्ताचा विषय लिहून काढला. ग्रंथ म्हणजे पानांची चवड, ही आपली समजूत हें कापड मोडून काढतें. चार शतकें होऊन गेलीं, तरी पासोडी आहे. ती टिकली ती कांहीं अंशीं कापडाच्या व शाईच्या गुणानें. पण अधिक करून पिढ्यान् पिढ्या तिची घडी सांभाळणाऱ्यांच्या काळजीनें. आणि ती ज्या लिपींत लिहिली आहे ती आजहि वाचतां येते, ही गोष्ट विसरूं नये. घरची चिकटवही यंत्रांत नेतांना ह्याच तिन्ही गोष्टींची पारख करावी लागते: वस्तु कशाची आहे, तिला सांभाळणारें कोण आहे, आणि पुढें ती वाचतां येईल काय.

छायाचित्राची कला आपल्याकडे फार लवकर आली. मुंबईंत १८५४ सालींच छायाचित्रकारांची संस्था निघाली होती, आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे त्या काळच्या नामांकित छायाचित्रकारांत गणले जात. आमचा मुलूख त्या वेळीं निजामाच्या राज्यांत. सहावे निजाम महबूब अली खान यांच्या दरबारीं राजा दीनदयाळ हे छायाचित्रकार होते. पण ही झाली दरबाराची गोष्ट. सामान्य घरांत फोटो शिरला तो १८८८ सालीं कोडॅक कंपनीनें गुंडाळीच्या फिल्मचा हलका कॅमेरा विकावयास काढल्यानंतर, आणि आमच्या तालुक्याच्या गांवांत तर त्याहूनहि फार उशिरां. चिकटवहीचें वेड मात्र फोटोपेक्षां जुनें. अमेरिकन विनोदी लेखक मार्क ट्वेन यानें १८७३ सालीं, पानांवर आधींच डिंक लावलेल्या चिकटवहीचें पेटंट घेतलें होतें. पान ओलें केलें कीं कात्रण बसलें. विनोदकाराला सुचलेली ही युक्ति विनोदाची नव्हती. तिची विक्री चांगली झाली.

माझ्या लहानपणीं ज्या घरीं 'आग्फा क्लिक थ्री' हा कॅमेरा असे, तें घर गांवांत वजनदार समजत. एका रिळांत बारा चित्रें. त्यामुळें बटण दाबण्यापूर्वी घरांत जणूं सल्लामसलत होई. आज मोबाईलमध्यें एका बारशाचीं तीनशें चित्रें सहज निघतात आणि त्यांतील एकहि पुन्हां पाहिलें जात नाहीं. १९७५ सालीं कोडॅकच्याच स्टीव्हन सॅसन नांवाच्या अभियंत्यानें पहिला डिजिटल कॅमेरा जुळविला, तेव्हां एक चित्र कॅसेटवर नोंदवावयास २३ सेकंद लागत. त्या तेवीस सेकंदांचें पुढें जें झालें त्यामुळें फिल्मचा धंदा बसला, आणि २०१२ सालीं कोडॅक कंपनीलाच दिवाळखोरीच्या कायद्याचा आश्रय घ्यावा लागला. जुन्या वहीची अडचण दुष्काळाची होती; नव्या वहीची अडचण अतिवृष्टीची आहे.

आतां कागद कां मरतो तें पाहूं. वर्तमानपत्राचा कागद लांकूड घासून केलेल्या लगद्याचा असतो. त्यांत लिग्निन नांवाचें द्रव्य राहून जातें. हवा व उजेड लागला कीं तें पिवळें पडतें, कागदांत आम्ल वाढतें आणि पान ठिसूळ होतें. चिकटवहीचे दुसरे शत्रु आपणच तींत घालतों. बांधणीकार पूर्वी पिठाची खळ वापरीत, आणि कीड लागूं नये म्हणून तींत मोरचूद टाकीत. ती पद्धति त्या मानानें शहाणपणाची होती. मोरचूद न घातलेली खळ म्हणजे कसरीला दिलेलें जेवण. पारदर्शक चिकटपट्टी तर सर्वांत वाईट: कांहीं वर्षांनीं पट्टी गळून पडते आणि कागदावर तपकिरी डाग कायमचा राहतो. तिसरा प्रकार चिकट पानांच्या अल्बमचा. पानावर गोंदाच्या रेघा, वर प्लॅस्टिकचा पडदा. फोटो ठेवा, पडदा दाबा, काम झालें. ह्या सोयीला आम्ही सर्वच भुललों. त्या गोंदानें आज फोटो असे धरून ठेवले आहेत कीं सोडवावयास गेलें म्हणजे फोटोचा पापुद्राच निघतो. त्या मानानें काळ्या पानांचे आणि कागदी कोपऱ्यांचे जुने अल्बम पुष्कळ बरे; त्यांतील फोटो अजूनहि हलक्या हातानें काढतां येतो.

या सर्वांहून मोठा शत्रु पाणी. दुष्काळी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आमच्या जिल्ह्यानें पाण्याचा मारहि सोसला आहे. जुलै १९८९ मध्यें बिंदुसरा नदीला आलेला पूर बीड शहरांतील लोक अद्यापि विसरलेले नाहींत. अशा वेळीं माणसें वांचविण्याचीच मारामार. अल्बमचा विचार कोणाला सुचणार? पण पाणी ओसरल्यावर कळतें कीं भांडीं घांसून घेतां येतात, धान्य पुन्हां भरतां येतें, आणि वारलेल्या आईचा एकुलता एक फोटो मात्र चिखलाच्या लगद्यांत कोठें गेला तें कोणीच सांगूं शकत नाहीं. कागदाची दुसरी प्रति दुसऱ्या गांवीं असणें, हाच यावर उपाय. आणि ती प्रति स्वस्तांत व हुबेहूब करण्याचें सामर्थ्य या नव्या तंत्रांत आहे. माझ्या मतें डिजिटल वहीचें खरें समर्थन एवढेंच. बाकीची शोभा पाहिजे तर घ्यावी.

प्रत्यक्ष काम कसें करावें? यंत्र चित्राचे अतिसूक्ष्म चौकोन पाडतें आणि प्रत्येकाचा रंग आंकड्यांत लिहून ठेवतें. ह्या चौकोनांना पिक्सेल म्हणतात. चार इंच बाय सहा इंचांचा फोटो दर इंचाला ३०० ठिपके या प्रमाणानें टिपला तर १,२०० गुणिले १,८००, म्हणजे २१ लाख ६० हजार पिक्सेल होतात. त्याच आकारांत पुन्हां छापावयास तेवढे पुरतात. पण तोच फोटो बारा बाय अठरा इंचांचा करावयास गेलें कीं इंचाला १०० ठिपकेच वाट्यास येतात आणि चेहरा पुसट होतो. म्हणून लहान फोटो इंचाला ६०० ठिपक्यांनीं टिपावेत. पासपोर्ट आकाराचा जुना फोटो तर १,२०० नेंहि टिपण्यास हरकत नाहीं, कारण कित्येक घरांत पणजोबांचें तेवढेंच एक चित्र असतें.

फोटो वहींतून ओढून काढूं नयेत. आधीं संपूर्ण पान जसें आहे तसें टिपावें, कारण कोणता फोटो कशाशेजारीं लावला होता हीहि माहितीच आहे. मग एकेक वस्तु निराळी टिपावी. फोटोच्या पाठीमागें मजकूर असेल आणि फोटो सुटा असेल, तर पाठहि टिपावी. तारीख बहुधा तिथेंच सांपडते. स्कॅनर नसेल तर मोबाईलनें काम भागतें, पण पान खिडकीशीं सपाट ठेवून, ऊन थेट पडूं न देतां, कॅमेरा बरोबर वर समांतर धरून. दिव्याची चकाकी आली तर दिवा बाजूला न्यावा. घाईचें हें काम नव्हे. एका बैठकींत दहा पानें झालीं तरी पुष्कळ.

टिपलेलीं चित्रें नातेवाइकांना पाठवितांना एक काळजी घ्यावी. व्हॉट्सॲपवर साध्या रीतीनें पाठविलेलें चित्र वाटेंत आक्रसतें. लांब बाजूला सोळाशेंच्या आसपास पिक्सेल उरतात. पडद्यावर तें छान दिसतें, पण बारा इंची पानावर छापलें कीं उघडें पडतें. तेव्हां छपाईसाठीं चित्र पाठवावयाचें तर तें 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावें, म्हणजे मूळ जसेंच्या तसें पोंचतें. फोटोबुक छापून आल्यावर होणारे निम्मे हिरमोड याच एका अज्ञानापायीं होतात.

शिक्षकाच्या पेशांत असतांना मीं शेकडों चिकटवह्या तपासल्या. पुष्कळ वह्यांत चित्र असे, त्याखालीं नांव नसे. मोठ्यांच्या अल्बमची अवस्था याहून वेगळी नाहीं. जुन्या सामुदायिक छायाचित्रांत पुरुषांचीं नांवें तरी कोणाच्या तरी आठवणींत असतात. बायका मात्र 'अमक्यांच्या मंडळी' म्हणून राहून जातात, आणि त्या पिढीबरोबर त्यांचें नांव संपतें. म्हणून फोटो टिपून झाल्यावर घरांतील वडील माणसांजवळ बसावें, एकेक चेहरा दाखवावा, आणि तीं जें सांगतील तें मोबाईलवर त्यांच्याच आवाजांत मुद्रित करावें. स्त्रियांचें माहेरचें व सासरचें अशीं दोन्ही नांवें लिहावीं. हें काम पुढच्या वर्षावर टाकण्यासारखें नाहीं; स्कॅनर पुढच्या वर्षीहि मिळेल.

कात्रणांची गोष्ट अशीच. कात्री चालवितांना आपण पत्राचें नांव व तारीख कापून टाकतों, आणि कात्रण पोरकें होतें. आ. कृ. वाघमारे यांनीं १९३७ सालीं काढलेल्या 'मराठवाडा' पत्रावर निजामी राजवटीनें बंदी घातली, तेव्हां तें नांवें बदलून निघत राहिलें. तशा पत्राचें एखादें कात्रण कोणाच्या वहींत असेल, तर त्यावर वृत्तपत्राचें नांव आहे कीं नाहीं, यावर त्याची सारी किंमत अवलंबून आहे.

हीं नांवें संगणकावर लिहितांना मराठी माणसाला एक खास अडचण आहे. युनिकोड रूढ होण्यापूर्वी आपल्याकडे निरनिराळ्या कंपन्यांचे निरनिराळे फॉन्ट वापरीत, आणि एकाचें लिखाण दुसऱ्या संगणकावर नेलें कीं अक्षरांऐवजीं निरर्थक चिन्हांची रांग दिसे. मुद्रणालयांतून ते फॉन्ट अजून गेलेले नाहींत. देवनागरीला युनिकोडमध्यें १९९१ पासून जागा आहे. मोबाईलवर आपण मराठी लिहितों तें युनिकोडच. नोंदी त्यांतच कराव्यात, म्हणजे त्या उद्यांहि वाचतां येतील व शोधतां येतील. फाईलला नांव देतांना आधीं वर्ष, मग महिना, मग दिवस, मग प्रसंग असा क्रम ठेवावा. मग चित्रें आपोआप कालक्रमानें लागतात.

वाचतां न येणें म्हणजे काय, हें मराठवाड्यानें नुकतेंच अनुभविलें आहे. २०२३ सालीं न्यायमूर्ति संदीप शिंदे यांच्या समितीच्या कामासाठीं कुणबी नोंदी शोधण्यास ठिकठिकाणचीं जुनीं सरकारी दप्तरें उघडण्यांत आलीं. त्यांत मोडीचे कागद निघाले, उर्दूचे निघाले. कागद शाबूत होते. वाचणारे शोधावे लागले. मग त्यांच्या प्रतिमा टिपून संकेतस्थळांवर ठेवण्यांत आल्या. मोडी कांहीं पुराणकाळची लिपि नव्हे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत ती कुळकर्ण्याच्या हातांत रोज होती. दोन पिढ्यांत ती दुर्मिळ झाली. संगणकांतील फाईलींचे प्रकार तर दहा-पंधरा वर्षांत पालटतात. म्हणून एखाद्या विशिष्ट सॉफ्टवेअरलाच उघडतां येईल अशा स्वरूपांत वही ठेवूं नये. चित्रें जेपेग किंवा टिफमध्यें, आणि मांडलेलीं पानें पीडीएफमध्यें ठेवावींत. हे प्रकार सर्वत्र उघडतात.

आतां मांडणी. आमच्याकडे डिजिटल मांडणीचा पहिला परिचय सामान्य माणसाला झाला तो लग्नाच्या 'करिझ्मा' अल्बमनें. फोटो एकेक चिकटविण्याऐवजीं स्टुडिओवाला संगणकावर बारा बाय छत्तीस इंचांचें जोडपानच रचतो आणि तें एकसंध छापतो. तंत्र उत्तम आहे. पण आयत्या नमुन्यांची अशी कांहीं चलती झाली कीं, परळीच्या मांडवांत उभें असलेलें जोडपें अल्बममध्यें बर्फाच्छादित डोंगरापुढें उभें दिसतें, भोंवतीं गुलाबाच्या पाकळ्या उडतात, आणि ज्या मामानें मुलीला बोहल्यावर आणलें तो कापला जातो. पन्नास वर्षांनीं नातवंडें बर्फ पाहणार नाहींत. मांडवाचें कापड, पंगतींतील पत्रावळ, मागें उभी असलेली बैलगाडी, हेंच त्यांना पाहावयाचें असेल. घरची वही स्वतः रचतांना पार्श्वभूमि पुसूं नये, पानावर चार-पांचांहून अधिक चित्रें घालूं नयेत, आणि जुन्या वहींतील हस्ताक्षराचा तुकडा जेथें मिळेल तेथें तो चित्र म्हणूनच घ्यावा. आईच्या हातची पाककृति टाईप करून घालण्यांत काय हंशील?

छपाईला देण्यापूर्वी दोन-तीन गोष्टी पाहाव्यात. बांधणीच्या बाजूला पुरेशी जागा सोडली नाहीं तर मधल्या माणसाचा चेहरा खांचेंत जातो. सपाट उघडणारी बांधणी घेतली तर ही भीति नाहीं, पण खर्च वाढतो. मांडणीच्या कांहीं सॉफ्टवेअरमध्यें देवनागरी जोडाक्षरें फुटतात, वेलांटी भलत्याच अक्षराला लागते. म्हणून पीडीएफ करून ती शब्दन् शब्द वाचावी. शुद्धलेखन मुद्रक सुधारीत नाहीं. जसें येईल तसें तो छापतो.

येथपर्यंत बोललों तें ज्यांच्या घरीं कपाट आहे त्यांच्याविषयीं. आमच्या जिल्ह्यांत अशींहि सहस्रावधि कुटुंबें आहेत, जीं दिवाळीच्या सुमारास उचल घेऊन ऊसतोडीला निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडीं परततात. अर्धें वर्ष घराला कुलूप, अर्धें वर्ष संसार फडाशेजारच्या कोपींत. त्यांच्याकडे चिकटवही कधींच नव्हती. पण आज त्यांच्याहि हातीं मोबाईल आहे, आणि कोयत्यावरच्या जोडप्यानें आपल्या लेकराचें पहिलें पाऊल त्यांत टिपलेलें असतें. त्या कुटुंबाच्या इतिहासांतील कदाचित् हा पहिलाच अल्बम. मोबाईल पाण्यांत पडला, हरवला, विकावा लागला, कीं तो संपला. शहरांतील लोकांना करिझ्माची चर्चा करावयास वेळ आहे. पण डिजिटल जतनाची खरी गरज कोणाला आहे असें विचारलें तर मी ह्या कुटुंबांकडे बोट दाखवीन. शाळेला फार यंत्रसामग्री लागत नाहीं. मुलें हंगामावरून परत आलीं कीं पालकांच्या मोबाईलमधील निवडक दहा चित्रें काढून घ्यावींत, कागदावर छापून मुलांच्या वहींत चिकटवावींत आणि खालीं त्यांच्याकडूनच नांवें लिहवून घ्यावींत. येथें प्रवास उलट आहे, यंत्राकडून कागदाकडे. आणि तो तितकाच योग्य आहे.

शेवटीं साठवण. एकाच ठिकाणीं ठेवलेली प्रति ही प्रति नव्हेच. जाणकार तीन प्रती सांगतात: त्यांतील दोन निराळ्या साधनांवर, आणि एक घराबाहेर. एक संगणकांत, एक वेगळ्या हार्ड डिस्कवर, एक इंटरनेटवरील साठ्यांत किंवा पुण्या-संभाजीनगरच्या मुलीच्या घरीं, अशी वांटणी करावी. डिस्क वर्षांतून एकदां लावून चित्रें उघडतात कीं नाहीं तें पाहावें. इंटरनेटवरील खात्याचा परवलीचा शब्द कागदावर लिहून घरांतील दोघांना ठाऊक असेल अशा जागीं ठेवावा. पुष्कळ घरांत तो फक्त कर्त्या पुरुषालाच ठाऊक असतो, आणि त्याच्या मागें सारें कुटुंब बंद दारापुढें उभें राहतें.

आणि मूळ वही? ती टाकूं नये. यंत्रानें कागदाचा वास, खळीचा ओरखडा, आजोबांनीं दाबून लिहिल्यामुळें पाठीमागें उमटलेली अक्षरें टिपलेलीं नसतात. पोथ्यांप्रमाणें ती स्वच्छ सुती बासनांत बांधावी, आडवी ठेवावी, पत्र्याखालच्या माळ्यावर किंवा जमिनीलगत न ठेवतां कपाटाच्या मधल्या फळीवर ठेवावी. पावसाळा सरला कीं दसऱ्याच्या सुमारास एकदां सोडावी, उन्हांत नव्हे तर सावलींत, वारा लागेल अशी. पानें मऊ ब्रशानें झटकावींत आणि सुटलेलें कात्रण असेल तर तें डिंक न लावतां पाकिटांत घालून त्याच पानाशीं ठेवून द्यावें.